पाय उघडे ठेवा

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जननी एक पांढरी नळी माझ्या तळहातावर ठेवली. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, अंगावर बारीक चुण्या. मुदत संपलेला नमुना होता तो, शिकवण्यापुरता. ताणली की लांबायची, सोडली की आखडायची.

"कापड आहे," ते म्हणाले. "पॉलिएस्टर. उद्या त्या माणसाच्या पोटात हे शिवायचं."

"कापसाच्या जिल्ह्यात पॉलिएस्टर?"

"आता यावर पत्रक काढू नका, सिस्टर."

चेष्टा होती, पण हवेतली नव्हती. यवतमाळच्या ज्या दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची नर्स आहे, तिथे माझी ओळखच पत्रकवाली अशी आहे. मी फुलसावंगीची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि मागच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे. रेशनवर तुमचा हक्क काय, तक्रार कशी लिहायची, पोरीची शाळा का सोडवू नये. घड्या घालायचं काम आम्हा भावंडांकडे, त्यामुळे माझी अक्षरओळख पाटीवर कमी आणि पत्रकांवर जास्त झाली. वडिलांची एक पद्धत होती. मजकूर लिहून झाला की तो छापायला जाण्याआधी समोरच्या पानठेलेवाल्याला वाचून दाखवायचे. त्याचं शिक्षण दुसरीपर्यंत. तो एका शब्दाला अडला की वडील कागद टरकावून नवा घ्यायचे. ज्याच्यावर बेततं त्याला आधी कळलं पाहिजे, असं ते म्हणत, आणि हे वाक्य मी इतकं ऐकलं आहे की झोपेतही म्हणू शकेन.

दवाखान्यात आल्यावर मी पहिल्या सहा महिन्यांत तीन भांडणं केली. संमतीचा कागद मराठीत हवा म्हणून पहिलं. झाडूवाल्या बायांनाही हातमोजे मिळावेत म्हणून दुसरं. तिसरं लोकरीच्या मोज्यांसाठी.

ते मोजे आमच्या मावशीचे. थिएटरला लागून चार खाटांची एक खोली आहे, ऑपरेशन झालेला माणूस शुद्धीवर येईपर्यंत तिथे ठेवतात. आम्ही तिला रिकव्हरी म्हणतो. तिथल्या आया म्हणजे या मावशी. नाकात चमकी, पन्नाशीच्या पुढचं वय, आणि दवाखान्यातल्या एसीवर मनापासून राग. बेचाळीस डिग्रीत जन्म काढलेली आमच्याकडची माणसं भूल उतरताना थंडीने अशी थरथरतात की खाट वाजते. मावशींनी आठवडी बाजारातून जुने स्वेटर आणले, उसवले, आणि त्या लोकरीचे मोजे विणले. रंगाचा मेळ नाही. एक पाय मरून तर दुसरा राखाडी. दवाखान्याच्या व्यवस्थापकांनी ते बंद करायला सांगितले. मी एक पानी अर्ज लिहिला, मोजे रोज उकळून वाळवायची जबाबदारी घेतली, आणि मोजे राहिले. तेव्हापासून रिकव्हरीत आलेल्या प्रत्येक पेशंटच्या पायात मावशी मोजे घालत. न विचारता, न चुकता.

त्या मोज्यांचा मला अभिमान होता हे आधीच कबूल करते.

पेशंट वणीचा. कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, साठीला टेकलेला, बिडीने ओठ काळे. मुतखडा असेल म्हणून सोनोग्राफी केली आणि सापडलं भलतंच. पोटातली मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, बेंबीच्या वरच्या बाजूला फुग्यासारखी फुगलेली. साधारण अंगठ्याएवढी रुंद असायची ती लिंबाच्याही पुढे जाऊन चांगल्या मोसंबीएवढी झाली होती. फुटली तर माणूस दवाखान्याच्या दारापर्यंत पोचत नाही.

नागपूरहून दर गुरुवारी येणारे सर्जन त्याच्यासाठी बुधवारीच आले. आदल्या दुपारी त्यांनी मला स्कॅनसमोर उभं केलं. उद्या टेबलाशी त्यांच्या हातात हत्यारं मी देणार होते.

"जांघेतून तार घालून आतल्या आत नळी बसवता येते," ते म्हणाले. "पण त्याला फुग्याच्या वर सरळ मान लागते. याची मान आखूड आहे, वाकडी आहे. नळी घसरेल. म्हणजे पोट उघडायचं."

"समोरून?"

"डाव्या कुशीतून गेलो असतो. आतडी हलवावी लागत नाहीत, श्वासाला त्रास कमी. बिडीवाल्या माणसाला तेच बरं. पण खाली उजव्या पायाकडे जाणारा फाटा पाहा. चुना साचलाय. कुशीतून तिथे माझा हात पोचणार नाही. समोरूनच."

मग त्यांनी क्रम सांगितला. रक्त पातळ करायचं औषध द्यायचं, थांबायचं. आधी पायांकडच्या दोन्ही फाट्यांना चिमटे, मग वर. उलट केलं तर वरच्या चिमट्याने हललेला गाळ खाली पायात उतरतो. फुगा काढायचा नाही, चिरायचा. आतला गाळ उपसायचा, नळी आत ठेवून वर आणि खाली शिवायची, आणि फुग्याचं कातडं तिच्यावरच पांघरायचं, म्हणजे आतडं नळीला घासत नाही.

"आणि एवढं सगळं नीट झालं," ते म्हणाले, "तरी गाळाचा एक कण सुटू शकतो. म्हणून नंतर पाय. दर अर्ध्या तासाला दोन्ही पाय पाहायचे. रंग, ऊब, घोट्यामागची नाडी. पाठीत सुन्न करायची नळी असेल, त्यामुळे पाय दुखला तरी त्याला कळणार नाही. आपल्याला डोळ्यांनीच कळायला हवं. पाय उघडे ठेवा. रिकव्हरीत तुम्ही बसा."

मी मान हलवली. एवढा मोठा माणूस आपल्याला स्कॅनसमोर उभं करून शिकवतो आहे, या आनंदात मी तरंगत बाहेर आले. दारात मावशी चादरींची चळत घेऊन उभ्या.

"का सांगतलं जी डॉक्टरनं? लय वेळ बोलून राह्यले होते."

"उद्याच्या ऑपरेशनचं."

"मोठं हाये का?"

"खूप मोठं."

"मंग मले का करा लागन?"

मला नळीचं चित्र डोक्यात ताजं होतं, ते विसरण्याआधी वहीत उतरवायचं होतं. मी म्हटलं, "तुमच्या कामाचं नाही ते, मावशी."

त्या चादरी घेऊन गेल्या.

गुरुवारी सकाळी साडेआठला ड्रायव्हर टेबलावर आला. भूल देणाऱ्या मॅडम पाठीत नळी बसवत होत्या आणि तो वाकून बसला होता, माझ्या खांद्यावर कपाळ टेकवून.

"सिस्टर, एक सांगजा डॉक्टरले. डाव्या पायाले जपजा म्हना."

"ऑपरेशन पोटाचं आहे, दादा."

"हव, समजते मले. पन पोटातून पायाले नळ जाते असं थ्याईनंच सांगतलं. डावा पाय म्हंजे माहा क्लच हाये. उजव्याचं पाहून घेऊ. ब्रेक तं तसाबी माह्या गाडीचा लागत नाई."

मॅडम म्हणाल्या, "हसवू नका हो, सुई हातात आहे."

तो हसला नाही. "घरी ट्रक माह्या सवतीवानी हाये, असं बायको म्हनते," तो माझ्या खांद्यात बोलला. "पन दुसरं येते का मले काही? गाडीबिगर मी का करीन बसून?"

नऊ वाजता त्वचेवर सुरी टेकली. छातीच्या हाडाच्या टोकापासून बेंबीला वळसा घालून खाली. आतडी ओल्या कापडात गुंडाळून उजवीकडे सरली आणि फुगा दिसला. असं काही मी आधी पाहिलं नव्हतं. माणसाचं पोट उघडलं की आत सगळं स्वस्थ असतं, हे तसं नव्हतं. ते प्रत्येक ठोक्याला उसळत होतं. वरचं कातडं इतकं ताणलेलं की चमकत होतं.

सर्जनचं बोट फुग्याच्या वरच्या मानेमागे हळूहळू शिरलं. तिथे मूत्रपिंडाची शीर आडवी जाते, ती फाटली तर समोर काही दिसत नाही. त्यांच्या कपाळावरचा घाम बाहेरची सिस्टर, म्हणजे टेबलाला हात न लावता सामान पुरवणारी, टिपत होती.

"औषध दिलं," मॅडम म्हणाल्या. "तीन मिनिटं."

ती तीन मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. मग डावा चिमटा, मग उजवा. उजवीकडे चुन्यावर चिमटा कर्रर वाजला, आणि सर्जननी तो काढून बोटभर खाली परत लावला. मग वरचा मोठा. फुगा उसळायचा थांबला. दहा वाजून बारा मिनिटं. आता कमरेखाली जवळजवळ रक्त जात नव्हतं.

फुगा उभा चिरला तेव्हा आत रक्त कमी आणि गाळ जास्त होता. थरावर थर, जुन्या तेलाच्या गोळ्यासारखा, पिवळट तपकिरी. त्यांनी तो ओंजळीने काढून माझ्या वाटीत टाकला. मागच्या भिंतीतून बारीक धमन्या उलट्या रक्ताच्या चिळकांड्या मारत होत्या. त्या एकेक टाक्याने बंद झाल्या. मग नळी. मागचे टाके आधी, मग दोन्ही बाजूंनी पुढे. निळा दोरा, दोन्ही टोकांना सुई. मी सुई देत होते आणि मोजत होते. वरची शिवण झाली, चिमटा क्षणभर सैल केला, एका टाक्यातून रक्त आलं, तिथे एक टाका जादा. मग खालची शिवण. शेवटची गाठ मारण्याआधी त्यांनी खालून रक्त उलटं वाहू दिलं, गाळ असेल तर बाहेर पडावा म्हणून. वरूनही एकदा.

"मॅडम, उजवा पाय सोडतोय."

"सोडा. सावकाश."

प्रेशर घसरलं, मॅडमनी ते सावरलं. मग डावा. पुन्हा घसरलं, पुन्हा सावरलं. बारा मिनिटं कमी दीड तास झाला होता चिमटा लावून. सर्जननी हिरव्या कापडाखाली हात घालून स्वतः दोन्ही घोटे चाचपले. "आहेत. दोन्ही आहेत." तेव्हा मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

दीडला तो रिकव्हरीत आला. मी दोन्ही पाय पाहिले, तळवे गरम, नाडी दोन्हीकडे. वहीत लिहिलं. पाच मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात बाहेरून हाक आली. बाळंतपणाची केस, पोटातल्या बाळाचे ठोके कमी होत होते, आणि थिएटरला हत्यारं देणारी दुसरी सिस्टर नव्हती. मी उठले. रिकव्हरीच्या सिस्टरला म्हटलं, "याचं प्रेशर, लघवी आणि पाय बघ. मी येते." ती दुसऱ्या खाटेवर उलटी करणाऱ्या बाईला धरून होती. तिने हो म्हटलं. मावशी खोलीतच होत्या. त्यांना मी काहीही म्हटलं नाही. मला वाटलंच नाही त्यांना काही म्हणायला हवं असं.

बाळ रडलं, आई ठीक होती. मी परत आले तेव्हा सव्वातीन वाजले होते. सर्जन पावणेतीनला निघाले होते. जाताना दारातून डोकावले, रिकव्हरीच्या सिस्टरने ठीक आहे म्हणून सांगितलं, आणि ते गेले.

ड्रायव्हर डोळे अर्धे उघडून पडला होता.

"कसं वाटतं, दादा?"

"पाय जड हाये लय."

"पाठीच्या औषधाने होतं तसं," पलीकडून सिस्टर म्हणाली.

मी पायाकडची चादर वर केली. मरून आणि राखाडी. घोट्यापर्यंत ओढलेले, नीट बसवलेले.

"थरथरून राह्यला होता बिचारा," मावशी माझ्या मागून म्हणाल्या. "घातले म्या. आता पाहा, कसा निवांत हाये."

वहीत दोन, अडीच आणि तीनच्या रकान्यात बरोबरच्या खुणा होत्या. "मावशी म्हणाल्या पाय गरम केले म्हणून," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज आधीच बदलला होता.

मी उजवा मोजा काढला. गुलाबी, गरम. मग डावा काढला. पाय भिजलेल्या कागदासारखा. बोटांच्या मधे निळसर डाग. नखावर दाबलं, पांढरं झालं, पांढरंच राहिलं. घोट्यामागे बोट ठेवलं, पुढे सरकवलं, मागे सरकवलं. नाडीचं यंत्र आणलं. उजव्या पायावर ते वाऱ्यासारखं सूं सूं वाजत होतं. डाव्यावर नुसती खरखर.

मी सर्जनना फोन लावला. ते कळंबच्या जवळ होते.

"डावा पाय गेलाय, सर. नाडी नाही. थंड आहे."

"कधीपासून?"

"माहीत नाही."

मग ते म्हणाले, "गाडी वळवतोय. रक्त पातळ करायचं औषध मॅडमना विचारून द्या. पाय शेकायचा नाही, नुसता झाका. नाही, झाकू पण नका. थिएटर लावा. जांघ."

"सर, वाचेल का पाय?"

"सहा तास असतात. त्यातले किती गेले ते तुम्ही सांगू शकत नाही."

ते रागावून बोलले नव्हते. म्हणूनच ते वाक्य अंगावर आलं.

थिएटर लावायला मला दहा मिनिटं लागली. त्यानंतर बाहेर जायला हवं होतं. बाकावर ड्रायव्हरची बायको बसली होती, मांडीवर त्याचे चपला-कपडे धरून. दवाखान्यात अशा वेळी बोलायची एक भाषा असते. गुंतागुंत झाली आहे, अशा ऑपरेशनमध्ये होतं कधीकधी, प्रयत्न चालू आहेत. यातलं एकही वाक्य खोटं नसतं. मला ती भाषा पाठ आहे आणि तिची चीड आहे. त्या बाईसमोर उभी राहिले तेव्हा तीच तोंडात आली.

"थोडी गुंतागुंत..." मी म्हटलं आणि थांबले. तिच्या शेजारी बसले. "ताई, पोटाचं ऑपरेशन चांगलं झालं. पण डाव्या पायाच्या नळीत गाठ अडकलीये. पायाला रक्त जात नाही. आता पुन्हा आत घेतोय. हे लवकर कळायला हवं होतं. पाय उघडे ठेवायचे होते. मोजे घातले गेले, त्यामुळे उशिरा कळलं."

"कोनं घातले?"

"घालणारीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. "तुमाले माहीत होतं," ती म्हणाली, "तं तिले सांगतलं काहून नाई?"

उत्तर मला माहीत होतं. ती आया होती म्हणून. ती मोजे विणते, चादरी बदलते, भांडं देते, म्हणून. तिच्या हातमोज्यांसाठी मी भांडले. तिच्या वतीने अर्ज लिहिला, तो तिला एकदाही वाचून न दाखवता. आणि जी गोष्ट तिला खरोखर कळायला हवी होती, ती वहीत इंग्रजीतून लिहून मी माझ्यापाशी ठेवली. ज्यांच्याविरुद्धच्या पत्रकांना मी लहानपणापासून घड्या घातल्या, ते लोक नेमकं हेच करतात.

पावणेचारला सर्जन आले. हात धुता धुताच त्यांनी विचारलं, "मोजे कोणी घातले?"

मावशी थिएटरच्या लाल पट्ट्याबाहेर उभ्या होत्या. "म्या घातले, साहेब."

"उद्यापासून ही बाई..."

"सर, मी त्यांना सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. "कालच त्यांनी मला विचारलं होतं, काय करावं लागेल. मी सांगितलं नाही."

पाणी चालू होतं. त्यांनी कोपराने नळ बंद केला. "ते नंतर," ते म्हणाले. "आधी पाय."

डाव्या जांघेत चीर. धमनी दिसली, तिच्यात ठोका होता, पण अर्धवट, भिंतीवर आपटून परत फिरल्यासारखा. दोन फिती ओवून ती उचलली, आडवी लहान चीर दिली. मग टोकाला इवलासा फुगा असलेली बारीक तार खाली पायाकडे सरकवली. पोटरीपर्यंत ती गेली. फुग्यात पाणी भरून तार हळूहळू मागे ओढायची असते; जोरात ओढली तर धमनीचं अस्तर सोलतं, हळू ओढली तर गाठ निसटते. ते ओढत होते आणि मी श्वास धरून होते. चिरेतून काहीच आलं नाही.

"पुन्हा."

दुसऱ्यांदा तार अडली. ते थांबले, किंचित सैल केली, परत ओढली. एक काळपट शेपटी बाहेर आली, बोटाच्या दोन पेरांएवढी, तिच्या टोकाला पिवळट कण. तोच गाळ. तिसऱ्यांदा आणखी एक तुकडा. चौथ्यांदा काही नाही, पण तारेमागून रक्त आलं, उलटं, पायाकडून. त्यांनी वरच्या बाजूलाही तार घालून पाहिली, औषधाचं पाणी सोडलं, चीर शिवली.

"सोडतोय."

बाहेरची सिस्टर पायाशी खाली बसली होती. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत होतो. एक मिनिट. दीड.

"अंगठ्याला रंग येतोय," ती म्हणाली. आणि मग, "करंगळी नाही, सर. करंगळी तशीच आहे."

"बघू," सर्जन म्हणाले. त्यांनी पोटरी दाबून पाहिली. "मऊ आहे. चिरावी लागणार नाही बहुतेक."

त्या "बहुतेक"वर आम्ही पुढचे दोन दिवस काढले, त्याला रिकव्हरीतच ठेवून. पोटरी सुजली की आतला दाब सोडायला परत आत घेऊन ती चिरावी लागली असती. दर अर्ध्या तासाला पाय. कधी मी, कधी रिकव्हरीची सिस्टर. वहीत रकाना मोठा केला, त्यात नुसती खूण चालणार नाही, लिहायचं. घोट्यामागे नाडी होती. कधी बारीक, कधी नीट. करंगळी जांभळी झाली, मग काळी. ड्रायव्हरला तिसऱ्या दिवशी सर्जननी सगळं सांगितलं, मीही सोबत होते. मोज्यांचंही सांगितलं. मॅनेजमेंटकडे मी लेखी दिलं, माझी चूक माझ्या नावाने. त्याचं पुढे काय होईल ते अजून माहीत नाही. ड्रायव्हरने मान उचलून पायाकडे पाहिलं.

"करंगळी जाईन?"

"जाईल असं वाटतं," सर्जन म्हणाले. "सुकून आपोआप, नाहीतर काढू. बाकी पाय राहील."

"करंगळीनं कोनी क्लच दाबत नाई," तो म्हणाला. पण त्याचा आवाज पहिल्या दिवसाचा नव्हता, आणि माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. त्याला तो हक्क होता.

मावशी माझ्याशी बोलत नव्हत्या. कामापुरतं हो-नाही. मोजे त्यांनी सगळे गोळा करून कपाटाच्या वरच्या फळीवर टाकले होते. मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "मोठ्या लोकायचं मोठं काम. आपल्या कामाचं नाई थे."

माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. त्या दिवशी मी वळून गेले असते तर त्यांना बरोबरच वाटलं असतं. मी गेले नाही. स्टूल ओढलं आणि ड्रायव्हरच्या पायाशी ठेवलं.

"बसा इथं, मावशी. शिकवते."

"मले कायले?"

"माझी ड्युटी आज दोनला संपते. तुमची सहापर्यंत आहे."

हे खरं होतं, त्यामुळे त्या बसल्या. मी पोटापासून सुरुवात केली. मोठा नळ, त्याचे दोन फाटे, फुगा, आतला गाळ, कापडाची नळी. जिथे त्यांचं तोंड वाकडं झालं तिथे शब्द बदलला. ड्रायव्हरही ऐकत होता. मधेच म्हणाला, "म्हंजे पाइपलाइनमंदी कचरा, मावशी." त्या म्हणाल्या, "तू गप रे, मले समजते." मग मी त्यांची दोन बोटं धरून घोट्याच्या आतल्या हाडामागे ठेवली.

त्यांनी डोळे मिटले.

"नाई लागत."

"दाबू नका एवढं. हलकं."

"हां... हाये. नाई, थांबा. हे माह्या बोटाचं असन."

"तुमच्या बोटाचं असतं ते. पुन्हा बघा. दुसऱ्या हाताने तुमची नाडी धरा, दोन्ही एकदम चालतात का पाहा."

बराच वेळ गेला. ड्रायव्हर मानेखाली हात घेऊन आपल्याच पायाकडे पाहत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि आता निकाल लागणार आहे.

"वेगळी हाये," मावशी म्हणाल्या. त्यांनी डोळे उघडले नाहीत. "माही धावून राह्यली. ह्याची सावकाश हाये. हाये जी, हाये." मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, तीन दिवसांत पहिल्यांदा सरळ. "आता हे सांगा. बंद पडली तं आधी कोनाले हाक मारू? तुमाले का डॉक्टरले?"